‘बाकी सगळं छान आहे, पण…’ : छोट्या सवयींवरून जुळता जुळता का फिसकटतं

‘पत्रिका जुळत नाही’ या निरोपामागे कित्येकदा पत्रिका नसतेच. तो जेवताना मचमच आवाज करतो, ती बोलता बोलता दर दोन मिनिटांनी फोन बघते, त्याने वेटरला ‘ए’ करून हाक मारली, तिने चहाच्या अर्ध्या बिलाचे बावीस रुपये तिथल्या तिथे यूपीआयवर मागितले, असलं काहीतरी असतं. पण हे मध्यस्थ काकूंना सांगणार कसं? मग छत्तीस गुणांवर ढकलून द्यायचं. ॲपवर भेटलेली मंडळी तर तेवढेही कष्ट घेत नाहीत, सरळ उत्तर देणं बंद करतात. त्यामुळे ज्याला नकार मिळाला त्याला खरं कारण कळतच नाही आणि पुढच्या स्थळासमोरही तो तसाच मचमच करत जेवतो.

घरातली मोठी माणसं यावर ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ म्हणून कपाळाला हात लावतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण ते सवयीचा आकार बघतात. आकारावर फारसं काही ठरत नाही. ती सवय रोज किती वेळा समोर येणार, तिच्यापासून बाजूला व्हायला घरात जागा आहे का, आणि ती बोलून दाखवल्यावर समोरचा काय करतो, या तीन गोष्टींवर ठरतं.

वजाबाकी बेरजेपेक्षा जड

माणसाच्या मनात वाईट गोष्टीचं वजन चांगल्या गोष्टीपेक्षा जास्त पडतं. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याविषयीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. ओळखी, नाती, आठवणी, सगळीकडे त्यांना हाच कल दिसला. जोडीदार निवडतानाही तेच होतं. पीटर जोनासन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले, त्यांत साडेसहा हजारांहून अधिक लोक होते. ‘हे असेल तर नकोच’ अशा गोष्टींचा परिणाम ‘हे असेल तर हवं’ अशा गोष्टींपेक्षा जास्त होतो, असं त्यातून निघालं. नातं दीर्घकाळाचं असेल तर ही चाळणी आणखी बारीक होते. अमेरिकन अविवाहितांच्या नकोशा यादीत अस्ताव्यस्त, अस्वच्छ राहणं अगदी वर होतं. म्हणजे नखं आणि शर्टाची कॉलर बघणाऱ्या आपल्या आत्या अगदीच काही उगाच बघत नव्हत्या.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. टोरांटो विद्यापीठात समांथा जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की कल्पनेत आपण जितके कडक असतो तितके प्रत्यक्षात नसतो. ‘असा माणूस समोर आला तर भेटाल का?’ असं नुसतं विचारलं तर लोक पटकन नाही म्हणतात. माणूस खरंच शेजारच्या खोलीत बसला आहे असं सांगितलं की होकार कितीतरी वाढतात, कारण त्याचं मन मोडायला जड जातं. आपल्याकडे तर समोरच्यासोबत त्याचे आईवडील, मामा आणि पोह्यांची प्लेटही असते. त्यामुळे पहिल्या भेटीत खटकलेलं आपण गिळतो. पुढे फिसकटतं ते बहुतेकदा या गिळलेल्या गोष्टींवरून, आणि तेही साखरपुड्याच्या हॉलचा ॲडव्हान्स भरून झाल्यावर.

गिळलेली गोष्ट जिरते का? सहसा नाही. मानसशास्त्रज्ञ मायकल कनिंगहॅम यांनी यासाठी ‘सामाजिक ॲलर्जी’ अशी कल्पना मांडली. पहिल्यांदा काही होत नाही, दुसऱ्यांदा किंचित खाज, दहाव्यांदा अंगभर पुरळ. २००५ च्या त्यांच्या अभ्यासात प्रेमात असलेल्या जोडप्यांमध्ये जसा काळ गेला तशा या खुपणाऱ्या गोष्टी वाढत गेल्या आणि त्यांचा त्रासही वाढला. ते अशा सवयींचे चार गट करतात: गलिच्छ किंवा गावंढळ वाटणाऱ्या (ढेकर, नाकात बोट), बेपर्वाईच्या (वेळ न पाळणं, कबूल केलेलं विसरणं), लुडबुडीच्या (सतत चौकशा, टोकणं, हुकूम सोडणं) आणि सर्वमान्य नियम मोडण्याच्या (सिग्नल तोडणं, रांगेत घुसणं). हा फरक लक्षात ठेवा. पहिला गट मुद्दाम कोणी करत नाही. बाकीच्यांत दुसऱ्या माणसाचा विचार केलेला नसतो, आणि चीड त्याची असते.

मचमच: एकच सवय नीट बघू

जेवतानाचा आवाज हे नकाराच्या खऱ्या कारणांत नेहमी निघणारं नाव, म्हणून तेच घेऊ. समजा ठाण्यात तलावपाळीजवळच्या एखाद्या हॉटेलात दोघं मिसळ खातायत. तर्रीत बुडवलेला पाव तो ओठ उघडे ठेवून चावतो. तोंडात हवा जाते, घास टाळ्याला चिकटून सुटतो आणि प्रत्येक चाव्याला एक चपक असा आवाज निघतो. मधेच तो बोलतो. तिखटामुळे नाक वाहू लागलंय, त्यामुळे आता श्वासही तोंडाने. तिचं लक्ष त्याच्या बोलण्यावरून उडून त्या आवाजावर जातं आणि परत येत नाही.

इथे निदान तीन वेगवेगळ्या शक्यता आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा. पहिली, नाक बंद असणं. नाकाचं हाड वाकडं असेल, ॲलर्जीची सर्दी कायमची असेल, तर माणसाला तोंड मिटून चावता येत नाही, कारण श्वास कोंडतो. अशा माणसाला शिष्टाचार शिकवून उपयोग नाही, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. ओळख पटवायला सोपी खूण आहे: तो चालताना, फोन बघतानाही तोंड उघडं ठेवतो आणि झोपेत घोरतो. दुसरी शक्यता, नुसती सवय. मोठ्या पंगतीत वाढलेल्या, भरभर जेवणाऱ्या घरात हा आवाज कोणाला ऐकूच येत नाही. उपाय लहान घास आणि घास गिळल्यावरच बोलणं. तिसरी शक्यता त्याच्याकडे नाही, तिच्याकडे आहे. काही जणांना चावण्याचे, भुरके मारण्याचे, बोटं मोडण्याचे आवाज शब्दशः सहन होत नाहीत. छातीत धडधड, डोक्यात तिडीक. याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ मध्ये जास्ट्रेबॉफ दांपत्याने दिलं, आणि २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा लोकांच्या मेंदूचा एक भाग या आवाजांना जास्त तीव्र प्रतिसाद देतो असं दाखवलं. तिला आपल्या वडिलांचा, ऑफिसमधल्या शेजारणीचाही आवाज असाच असह्य होत असेल तर मुलगा बदलून फरक पडणार नाही.

आता हिशेब. रात्रीचं जेवण फक्त वीस मिनिटांचं धरलं तरी वर्षाचे जवळपास १२२ तास झाले. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या मित्राची हीच सवय आपण हसून सोडून देतो, कारण तिथे बेरीज होत नाही.

वन बीएचकेचा हिशेब

सुटकेला जागा आहे का, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत वेगळाच तीव्र आहे. लग्नानंतरचं पहिलं घर कळव्यात, घणसोलीत, कामोठ्यात, कुठेही घ्या, बहुतेकांचं वन बीएचकेच असतं, आणि अनेकदा त्यात आईवडीलही असतात. मोठ्या वाड्यात ज्या सवयी एका खोलीतून दुसरीत पोचत नसत, त्या चारशे चौरस फुटांत कानाशी येतात. म्हणून इथे पुढच्या तीन-चार बाबी आधीच विचारून घ्याव्यात. पहिल्या भेटीत नको, तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

झोपेची वेळ. ऐरोली-रबाळ्याच्या आयटी पार्कात अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा रात्री दोनला घरी येतो, आणि सकाळची सव्वासहाची लोकल पकडणारी पाच वाजता गजर लावते. त्यात काहींचं शरीरच उशिरा जागं होणारं असतं. हा कल बराचसा जन्मजात असतो, आळसाचा त्याच्याशी संबंध नाही. विचारायचं असं: ‘सुट्टीच्या दिवशी गजर न लावता किती वाजता जाग येते?’ कामाच्या दिवसाचं उत्तर फसवं असतं.

एसीचा आकडा. हसू नका. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात, तसा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा नियम आहे. पण १८ वर आणून जाड गोधडी घेणारे आणि पंखा दोनवर ठेवूनही कुडकुडणारे एकमेकांशी लग्न करतात आणि मग दर रात्री रिमोट शोधतात. हा प्रश्न मात्र सुटणारा आहे: २४-२५ अंश, पंखा मध्यम, आणि एका मोठ्या ब्लँकेटऐवजी दोन स्वतंत्र पांघरुणं. गादीवर टाकलेला ओला टॉवेल, सिंकमध्ये रात्रभर खरकटी ठेवलेली भांडी, हेही याच जातीचे. चिडचिड खरी, पण तोडगा स्वस्त.

खाणं तसं नाही. ‘ती शाकाहारी आहे, त्याला मासे आवडतात, जमेल हो’ हे वाक्य ज्या सहजतेने बोललं जातं तेवढं ते सोपं नसतं. नवी मुंबईच्या आगरी-कोळी घरात किंवा ठाण्याच्या सीकेपी घरात मासे म्हणजे रविवारची चैन नव्हे, तो रोजच्या स्वयंपाकाचा कणा असतो. ‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय चालेल हे पायरीपायरीने विचारावं लागतं. समोरच्या ताटात मासे चालतील? घरात शिजलेले चालतील? तवा, कढई वेगळी हवी? फ्रिजमध्ये कच्चे ठेवलेले चालतील? सुके बोंबील भाजल्यावर घरभर जो वास राहतो, तो चालेल? आणि मुलं झाली तर त्यांनी काय खायचं? पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेक होकार मिळतात. गाडी अडते ती सुक्या बोंबलांवर आणि मुलांवर. उलट बाजूनेही विचारा: सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि अख्खा श्रावण पाळणाऱ्या घरात आलेल्या मुलीला बाहेर जाऊन खाल्लेलं चालणार आहे का, की त्यावरही तोंडं वाकडी होणार? याला आवडनिवड समजू नका. घर कोणाच्या नियमांनी चालणार, हा प्रश्न ताटाच्या आडून येतो, एवढंच.

नुसती नावड वेगळी. कोणाला कोथिंबीर साबणासारखी लागते. त्यात वास ओळखणाऱ्या एका जनुकाचा वाटा असल्याचं २०१२ मध्ये आढळलं आहे. आमटीवरची कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवली की संपलं. मात्र ‘आमच्याकडे असले नखरे नव्हते’ असं कोणी म्हणालं, तर कोथिंबीर बाजूला ठेवून त्या वाक्याकडे बघा.

उशीर, बिल, ‘ए’

उशिराबद्दल न्याय करताना घोडबंदर रोडला थोडी माफी द्यावी. गायमुखला ट्रक बंद पडला तर देवही वेळेवर पोचणार नाही. म्हणून मिनिटं मोजू नका, निरोप मोजा. अडकल्याचं त्याने आपणहून, ठरलेल्या वेळेआधी कळवलं का? कळवलेली वेळ खरी होती का? ‘निघालोय, पाचच मिनिटं’ असं अंघोळीला जाण्यापूर्वी लिहिणारा माणूस उशिरापेक्षा मोठी गोष्ट सांगून जातो. आणि भेट कायम एकाच्याच सोयीच्या जागी होते का, हेही बघा. ती खारघरहून पाऊण तास लोकलने ठाण्याला येते आणि हा राम मारुती रोडवरून चालत दहा मिनिटांत. चार भेटींत एकदाही वाशी किंवा सीवूड्स सुचवलं नाही, तर त्याची नोंद घ्यावी.

बिलाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: अर्धे पैसे मागणं हा दोष नाही. पहिल्या भेटीला निम्मं-निम्मं करणं उलट स्वच्छ. खटकतं ते वेगळं. जेवण ठरवताना काहीच न बोलता नंतर रात्री अकराला यूपीआयची रिक्वेस्ट पाठवणं, किंवा सगळं बिल भरून पुढच्या तीन भेटींत त्याचा उल्लेख करणं. पैसे देण्याआधी ‘अर्धं-अर्धं करूया ना?’ एवढं विचारलं की सत्तर टक्के कटकट मिटते. आकडा आमचा अंदाजाचा, भावार्थ घ्या.

वेटर, रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन यांच्याशी बोलण्याची पद्धत हा मात्र छोटा विषय धरू नये. माणूस आपल्याशी पहिल्या चार भेटींत कसा वागतो हे प्रयत्नपूर्वक असतं. ज्याच्याकडून त्याला काही मिळवायचं नाही त्याच्याशी तो जसा वागतो, तसा तो लग्नाच्या तिसऱ्या वर्षी घरी वागतो. बोलणं मधेच तोडून समोरच्याचं ‘पानी’चं ‘पाणी’ करून देणारेही याच रांगेत, व्याकरण कितीही बरोबर असो. आणि ‘एवढ्या रात्री ऑनलाइन का होतीस?’, ‘फोन दाखव’, ‘हा ड्रेस नको घालूस’ यांना सवय म्हणणं बंद करायला हवं. तिथे तडजोडीचे सल्ले लागू होत नाहीत.

सांगून बघणं

तिसरी कसोटी सगळ्यात कामाची आणि लोक तीच टाळतात. सवयीपेक्षा, सवय सांगितल्यावर काय होतं त्यातून जास्त कळतं. पण सांगायचं कसं, यात सगळे चुकतात.

घडत असताना सांगू नये, आणि चार महिन्यांनी यादी करूनही नाही. एक-दोन दिवसांत, दोघंच असताना, चालता चालता बरं पडतं. ठाण्याच्या उपवन तलावाला किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला फेरी मारताना समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याची लाज कमी होते. एका वेळी एकच गोष्ट. ‘तू नेहमी’ आणि ‘तुमच्या घरी कोणी शिकवलं नाही का’ ही दोन वाक्यं निघाली की विषय सवयीवरून खानदानावर जातो. त्यापेक्षा असं: ‘अरे, एक सांगू? राग मानू नकोस. जेवताना तुझा आवाज होतो, आणि मला ना, असल्या आवाजांचा जरा जास्तच त्रास होतो. तोंड मिटून चावशील का?’ यात काय घडतं, मला काय होतं आणि नक्की काय करायचं, तिन्ही आलं. व्हॉट्सॲपवर हे लिहू नका. लिहिलेल्या वाक्याला हसू नसतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट बहिणीकडे जातो.

मग थांबायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणून आठवड्याभरात निकाल लावू नका. सवय गेली का हे न बघता, ती घडल्यावर त्याच्या लक्षात येतं का, ते बघा. अर्ध्या घासात थांबून ओशाळं हसणारा माणूस वाटेवर आहे. ‘मी असाच आहे’ म्हणणारा नाही. मुद्दाम मोठ्याने चावून दाखवणारा, किंवा त्याच दिवशी तुमच्या तीन चुका काढणारा, त्याने तर तुमचं काम सोपं केलं. आणि स्वतःलाही तीच वागणूक द्या: त्याने तुमचं एखादं सांगितलं तर तुमचं काय होतं?

कारण की निमित्त

एक कोपरा राहिला. काही वेळा सवय बिचारी निर्दोष असते. माणसाला मुळात लग्नच करायचं नसतं, किंवा आधीचं कोणी मनातून गेलेलं नसतं, आणि मग बुटांचा रंग, हसण्याचा आवाज, इमोजी, जे हाताला लागेल ते कारण होतं. ओळखायची खूण अशी की प्रत्येक स्थळात दोष वेगळा पण वेळ तीच. दरवेळी तिसऱ्या भेटीनंतर, आता पुढचं ठरवायचं असं घरून विचारलं की नेमकं काहीतरी खटकतं. अशा वेळी समोरच्याच्या सवयींची यादी वाढवण्यात अर्थ नाही.

दुसरी फसगत उलटी. जे आवडलं तेच नंतर खुपतं. समाजशास्त्रज्ञ डायान फेल्मली यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा बऱ्याच जणांच्या बाबतीत आकर्षणाचा गुण आणि नंतरची तक्रार एकाच गोष्टीची दोन रूपं निघाली: बिनधास्त होता तो बेजबाबदार झाला, काळजी घेणारी होती ती मागे लागणारी झाली. म्हणून ‘किती वक्तशीर आहे!’ असं वाटलं तर लगेच मनात विचारा, मला दहा मिनिटं उशीर झाला की हा कसा वागेल? एकदा उशीर होऊ द्या, कळेल. मुद्दाम करायची गरज नाही, ट्रान्स हार्बरची लोकल आहेच.

नकार द्यायचाच ठरला तर काकूंसाठी पत्रिका राहू द्या; ती सोय चांगली आहे, कोणाचं तोंड पडत नाही. मात्र चार-पाच भेटी झालेल्या माणसाला दोन ओळी द्याव्यात, भेट झाल्यापासून दोन दिवसांच्या आत: ‘आपल्या भेटी छान झाल्या, पण मला पुढे जावंसं वाटत नाही. तुला थांबवून ठेवणं बरोबर नाही म्हणून आजच सांगते.’ कारण त्याने विचारलं तरच, आणि बदलता येण्यासारखं असेल तरच सांगावं. मचमच सांगता येते. उंची, आवाज, घरची गरिबी, आईचा स्वभाव यांतलं काही कारण असेल तर ते आपल्यापाशीच ठेवावं आणि नंबर ब्लॉक न करता संभाषण तिथेच थांबवावं. ‘मग मित्र म्हणून तरी’ असा मेसेज आला तर एकदाच, नम्रपणे, नाही.